सुरगाण्याचा मजूर, सातपूरचा पगारदार: फरक नेमका कशाने पडतो?

द्राक्षबागांत गोडी बहार छाटणीचा हंगाम आला की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या वाटेला लागतात. छाटणी, काड्यांना पेस्ट लावणं, फेलफुटी म्हणजे नको असलेल्या फुटी काढणं, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, अशी बागेतली कामं एकापाठोपाठ एक येत राहतात. बरीचशी उक्ती घेतलेली असतात, एकराच्या दराने. त्याच जिल्ह्यात सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कायम झालेला कामगार महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार घेतो. त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि आजारी पडला तर त्याच्याकडे ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असतं. दोघांच्या घरांमध्ये शंभरेक किलोमीटरचंच अंतर आहे, पण दोघांच्या मुलांची आयुष्यं पार वेगळ्या दिशांनी जातात.

हा फरक का पडतो, असं कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं. शिकला नाही म्हणून, जमीन नाही म्हणून, ओळख नाही म्हणून. काही जण ‘कष्टाची तयारी नाही’ असंही म्हणतात. विरळणीच्या दिवसांत दिवसभर हात वर करून मांडवाखाली उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल कोणी असं म्हणालं की मला राग येतो. पण नुसत्या रागाने काही सिद्ध होत नाही. यातलं कोणतं उत्तर किती खरं आहे हे तपासण्याच्या पद्धती अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत घडवल्या आहेत. त्या समजायला अवघड नाहीत.

शिक्षणापासून सुरुवात करू. जेकब मिन्सर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये शिक्षणाची वर्षं, कामाचा अनुभव आणि कमाई यांचा संबंध एका समीकरणात मांडला. तेव्हापासून शंभराहून जास्त देशांच्या आकडेवारीवर ते वापरलं गेलं आहे. ढोबळमानाने, शाळेचं एक जादा वर्ष आणि नऊ-दहा टक्के जास्त कमाई या गोष्टी जगभर बरोबरीने दिसतात.

‘बरोबरीने दिसतात’ असं मी मुद्दाम म्हणतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. बारावी झालेला मुलगा सातवीत शाळा सोडलेल्यापेक्षा जास्त कमावतो, हे खरं. पण बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या घरी बहुधा थोडी जमीन होती, वडील शिकलेले होते, आई आजारी नव्हती, शाळा जवळ होती. मग कमाई शिक्षणाने वाढली की या बाकीच्या गोष्टींनी? खरं उत्तर हवं असेल तर तोच मुलगा एकदा शिकवून आणि एकदा न शिकवता पाहायला हवा. एकाच माणसाला दोन आयुष्यं जगायला लावता येत नाहीत. म्हणून त्याच्यासारखाच, पण फक्त त्या एका बाबतीत वेगळा असलेला दुसरा माणूस शोधावा लागतो. या विषयातलं जवळजवळ सगळं चांगलं संशोधन म्हणजे असा दुसरा माणूस शोधण्याची खटपट आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे आणि तिथे दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. १९९१ मध्ये ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर आणि अ‍ॅलन क्रूगर हे दोन अर्थशास्त्रज्ञ आपली माणसं घेऊन तिथे गेले. एकसारख्या जुळ्यांचे आईबाप तेच, घर तेच, जनुकंही तीच. त्यातला एक जास्त शिकला आणि दुसरा कमी, तर कमाईतल्या फरकाचं श्रेय शिक्षणाला देणं बरंच सोपं जातं. लोक स्वतःचं शिक्षण सांगताना चुकतात किंवा वाढवून सांगतात, म्हणून त्यांनी प्रत्येकाला त्याच्या जुळ्या भावंडाचं शिक्षणही विचारलं. उत्तर आलं वर्षाला बारा ते सोळा टक्के. पुढच्या काळात असेच अभ्यास आणखी झाले तेव्हा आकडा नऊ टक्क्यांच्या आसपास उतरला. तरी मुख्य निष्कर्ष टिकला: फरक नुसता घरच्या परिस्थितीचा नाही, शाळा खरोखर काहीतरी देते.

पण हे झालं अमेरिकेचं. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. तेलाचा पैसा हाती आल्यावर तिथल्या सरकारने १९७३ ते १९७८ या काळात एकसष्ट हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे मुलं शाळेबाहेर जास्त होती तिथे शाळाही जास्त. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यातली एक गोष्ट अचूक हेरली. १९७४ मध्ये जे मूल दोन ते सहा वर्षांचं होतं त्याला नवी शाळा मिळाली आणि जे बारा ते सतरा वर्षांचं होतं त्याचं प्राथमिक शाळेचं वय निघून गेलं होतं. गाव तेच, समाज तोच, फक्त जन्माचं साल वेगळं. मग ज्या भागांत खूप शाळा झाल्या आणि ज्या भागांत थोड्या झाल्या, तिथल्या या दोन वयोगटांमधला फरक त्यांनी ताडून पाहिला. जास्त शाळा झालेल्या भागांतली धाकटी मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची मजुरीही जास्त होती. हिशेब केल्यावर शिक्षणाच्या एका वर्षामागे कमाईत साधारण सात ते साडेदहा टक्के वाढ निघाली. म्हणजे गरीब, दूरच्या भागात सरकारने शाळा बांधली तर त्याचा उपयोग होतो, हे आता केवळ चांगुलपणाचं वाक्य उरलेलं नाही.

शाळा आहे, पण दूर आहे, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. पाचवी-सातवीपर्यंत गावात आणि पुढे पाच-सात किलोमीटर चालत. पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या मुली नेमक्या इथेच गळतात. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी बिहारची तुलना शेजारच्या झारखंडशी केली. तिथे अशी योजना नव्हती. मग मुली आणि मुलगे, मोठ्या आणि धाकट्या मुली यांतला फरकही पाहिला. माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि मुलगा-मुलगी तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत परिणाम सर्वांत मोठा होता. यावरून कळतं की सायकलीने अंतराची अडचण सोडवली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी सायकली आणि एसटीच्या निळ्या बस आल्या, त्यामागचा हिशेबही हाच. बस वेळेवर येते का, हा प्रश्न म्हणूनच फार मोठा आहे. संध्याकाळची फेरी चुकते तेव्हा मुलीच्या शिक्षणाची वर्षं कमी होत असतात.

आता ओळखीचा मुद्दा. यावरचा एक विलक्षण अभ्यास आपल्या मुंबईतला, दादरचा आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांत १९८२ ते २००१ या काळात पहिलीत दाखल झालेल्या मराठी मुलांची माहिती घेतली. प्रश्न असा: १९९० नंतर इंग्रजी येणाऱ्याचा पगार झपाट्याने वाढला, तरी काही जातींतली मुलं मराठी माध्यमातच का राहिली? त्यांना दिसलं की ज्या जातींतल्या पुरुषांचं गिरणी, गोदी, कारखाना इथल्या कामांत घट्ट जाळं होतं, ते मुलग्यांना त्याच वाटेने नेत राहिले. काका कामाला लावून देणार हे ठरलेलं असलं की इंग्रजी शाळेचा खर्च कशाला? मुलींना असं जाळं कधीच नव्हतं. त्यांना कोणी कामाला लावून देणारं नव्हतं, म्हणून त्यांच्या बाबतीत घरच्यांनी नवी वाट स्वीकारली. मुली मुलग्यांच्या वेगाने आणि काही ठिकाणी त्यांच्यापुढे इंग्रजी शाळांकडे वळल्या. काल ज्या ओळखीने पोट भरलं तीच ओळख आज मुलाला जुन्या कामात अडकवून ठेवू शकते, हे मला या अभ्यासाने पहिल्यांदा नीट दाखवलं. मुकादमाच्या भरवशावर दरवर्षी त्याच बागेत जाणाऱ्या टोळीलाही हेच लागू पडेल का, हे तपासण्यासारखं आहे. ते बंधन उचलीचं आहे, सवयीचं आहे की दुसरा रस्ताच दिसत नाही, यांत फार फरक आहे आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

आरोग्यावर थोडं जास्त थांबतो, कारण विषमतेच्या चर्चेत आरोग्य नेहमी शेवटी येतं आणि पुरावा पाहिला तर ते सुरुवातीला यायला हवं.

ग्वाटेमालातल्या चार गावांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांना रोज पेय दिलं जात होतं. दोन गावांत प्रथिनांनी भरलेली पेज आणि दोन गावांत प्रथिनं नसलेलं, कमी ताकदीचं सरबत. २००२ ते २००४ च्या सुमारास संशोधक त्या मुलांना शोधत पुन्हा गेले. ती आता तिशी-चाळिशीत होती. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सरासरीच्या ४६ टक्क्यांनी जास्त होती. वयाच्या तीन वर्षांनंतर पेज सुरू झाली असेल तर असा फायदा दिसला नाही. बायकांच्या कमाईतही दिसला नाही. याचं एक संभाव्य कारण असं की त्यांना चांगल्या पैशाची कामंच कमी मिळत होती. गावं फक्त चार होती, हे लक्षात ठेवून हा आकडा घ्यावा. पण दिशा स्पष्ट आहे. पाड्यावरच्या अंगणवाडीत दीड वर्षाच्या मुलाच्या ताटात काय पडतं, यावर त्याची तिसाव्या वर्षीची मजुरी काही अंशी ठरते. त्या वयात आई त्याला घेऊन बागेच्या कडेला पालात राहत असेल, तर गावची अंगणवाडी त्याच्यासाठी बंदच असते.

दुसरा अभ्यास केनियाचा. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या दिल्या. कोणत्या शाळांना आधी आणि कोणत्या नंतर, एवढाच फरक. शाळेतली गैरहजेरी पाव हिश्शाने घटली. वीस वर्षांनी त्याच मुलांची पाहणी केली तेव्हा ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त औषध मिळालं होतं त्यांची ताशी कमाई १३ टक्क्यांनी जास्त निघाली. या अभ्यासाची आकडेवारी इतरांनी पुन्हा तपासली आणि त्यावर मोठा वाद झाला. प्रत्येक ठिकाणी इतका परिणाम होईलच असं नाही, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. जंतांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे फायदा जास्त. भारतात २०१५ पासून फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो आणि अंगणवाडी-शाळांतून गोळ्या दिल्या जातात. काही रुपयांच्या त्या गोळीमागे एवढा मोठा प्रश्न उभा आहे.

आरोग्याची दुसरी बाजू मोठ्या माणसाच्या आजारपणाची. अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश आणि परदेशांतही गावकऱ्यांना एकत्र बसवून विचारलं, की पंचवीस वर्षांपूर्वी कोणतं घर गरीब होतं आणि आज कोणतं आहे. लोकांना साल आठवत नाही, म्हणून राजस्थानात ‘आणीबाणीच्या वेळी’ अशी खूण दिली. आपल्याकडे बाहत्तरचा दुष्काळ म्हटलं की जुन्या माणसांना सगळं आठवतं, तसंच ते. त्यांना दिसलं की एकाच गावात काही घरं गरिबीतून वर येत होती आणि त्याच वेळी दुसरी घरं खाली घसरत होती. घसरण्याचं सर्वांत मोठं कारण जवळजवळ सगळीकडे तेच: आजारपण, त्यावरचा खर्च आणि त्यासाठी काढलेलं कर्ज. लग्नकार्य आणि मयतीचा खर्च त्यानंतर. आळस किंवा दारू ही कारणं फार थोड्या घरांत आढळली.

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आल्याचं सरकारी लेखे सांगतात. सुधारणा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर मोठा आधार देतात. पण दर महिन्याची मधुमेहाची औषधं, नाशिकला येण्याचं गाडीभाडं, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, हा खर्च बहुतेक घरावरच येतो.

कामाच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला एक वाट दाखवली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि बाहत्तरच्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच कल्पना उचलली. देशभर ती तीन टप्प्यांत आली. आधी आलेले जिल्हे आणि नंतर आलेले जिल्हे यांची तुलना क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांनी केली. कोरड्या महिन्यांत खासगी कामाची मजुरीही सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि ती मुख्यतः जिथे योजना नीट राबवली गेली त्या राज्यांत. सरकारी कामाचा पर्याय असला की मजुराला बागाईतदाराशी दर बोलताना बळ येतं. हे लपवायचं कारण नाही की बागाईतदाराचा खर्च त्यामुळे वाढतो. बाजारात भाव पडलेल्या वर्षी लहान द्राक्ष उत्पादकाला तो जड जातो. विषमता कमी होते तेव्हा कोणाच्या तरी खिशातून काही जातं. त्यात लहान शेतकरी एकटा भरडला जाऊ नये, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो उघड बोलायला हवा.

ओडिशातल्या आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करायलाच हवा. पत्रावळी लावणाऱ्या मजुरांपैकी काहींना त्यांच्या कमाईचा भाग काही दिवस आधी दिला. एकूण पैसे तेवढेच, दरही तोच. आधी पैसे मिळालेल्यांचं काम सुमारे सात टक्क्यांनी वाढलं आणि पत्रावळीतल्या चुका कमी झाल्या. त्यांनी मिळालेल्या पैशांतून उधाऱ्या फेडल्या होत्या. डोक्यात दुकानदाराची उधारी घोळत असेल तर हातातल्या कामाकडे लक्ष कमी राहतं. हंगाम संपेपर्यंत हिशेब लांबवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

आता मोजमाप, कारण वादाचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. विषमता मोजायला कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सुचवलेला निर्देशांक वापरतात. शून्य म्हणजे सगळे समान, एक म्हणजे सगळं एकाच्याच हातात. त्याचा अर्थ असा लावता येतो: समजा एखाद्या भागात घरांचा सरासरी मासिक खर्च २० हजार रुपये आहे आणि जिनी ०.३ आहे. तिथली कोणतीही दोन घरं चिठ्ठी टाकून निवडली तर त्यांच्या खर्चात सरासरी १२ हजारांचा फरक सापडेल. जिनी ०.६ असेल तर २४ हजारांचा.

सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात २०२३-२४ साठी ग्रामीण भारताचा जिनी ०.२३७ आणि शहरी भारताचा ०.२८४ आला. आदल्या वर्षी ते ०.२६६ आणि ०.३१४ होते. हे वाचून वाटतं, विषमता फार नाही. उलट पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलं की २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. दोन्हींत कोणी खोटं बोलतंय असं नाही. पहिला आकडा खर्चाचा आहे. श्रीमंत माणूस कमावलेलं सगळं खर्चत नाही, उरलेलं जमीन, शेअर, सोनं यांत जातं, आणि बंगल्याच्या फाटकातून सर्वेक्षकाला आत जाणंही अवघड. दुसऱ्या आकड्यासाठी प्राप्तिकराची आकडेवारी घेतली जाते. ती वरच्या थराचं चित्र जास्त नीट दाखवते, पण कर न भरणाऱ्या बहुसंख्यांबद्दल अंदाज बांधावे लागतात आणि त्या अंदाजांवर टीकाही झाली आहे. कोणी विषमतेचा आकडा सांगितला की तो खर्चाचा, उत्पन्नाचा की संपत्तीचा, एवढं विचारलं तरी अर्धा वाद मिटतो.

रोजगाराच्या आकड्यांचंही असंच. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्के झालं. ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली आहे आणि तिचा मोठा भाग स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात, बऱ्याचदा मोबदल्याविना होणाऱ्या कामाचा आहे. याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या, साप्ताहिक व्याख्येनुसार तर सात दिवसांत एक तास काम केलेली व्यक्तीही कामावर धरली जाते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते अमेरिकेतल्या स्त्रियांच्या दोनशे वर्षांच्या कामाच्या नोंदी धुंडाळल्याबद्दल. त्यात दिसलं की शेतीकडून कारखान्याकडे जाताना बायकांचं काम आधी घटतं आणि कचेऱ्यांतली कामं, शिक्षण वाढल्यावर पुन्हा वर येतं. भारताचा आलेख त्याच वाटेने जाईल असं धरून चालता येत नाही, कारण बिनपगारी कामाची वाढ आणि कचेरीतल्या कामाची वाढ एकाच टक्केवारीत दडू शकतात.

जानेवारी २०२५ पासून या श्रमबल सर्वेक्षणाची रचना बदलली आणि नमुना निवडताना जिल्हा हा पाया मानला जाऊ लागला. हे स्वागतार्ह आहे. पण नाशिकचा आकडा आला तरी त्यात निफाड आणि सुरगाणा एकाच सरासरीत मिसळलेले असतील, आणि हंगामात कुलूप लागलेल्या घरांतून उत्तर मिळणं कठीणच. रोहयोच्या हजेरीपटांच्या नोंदी, शाळांची पटसंख्या, अंगणवाड्यांतल्या वजन-उंचीच्या नोंदी आणि बागांच्या हंगामाचं वेळापत्रक तालुकानिहाय शेजारी ठेवलं, तर कोणत्या महिन्यात कोणत्या पाड्यावरची मुलं शाळेतून आणि अंगणवाडीतून नाहीशी होतात हे दिसू शकेल. नाशिकच्या महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. सुरुवात पेठ आणि दिंडोरी या दोन शेजारच्या तालुक्यांपासून करता येईल.